शिबिरासाठी रिबिनीची फीत: घरी शिवलेली आणि मानेला सुरक्षित

पन्हाळ्याच्या उतारावर भरलेल्या आमच्या मंडळाच्या एका शिबिरात, करवंदाच्या जाळीखालून वाकून जाताना सहावीतल्या एका मुलाच्या गळ्यातील ओळखपत्राची दोरी काटेरी फांदीत अडकली. वाट उताराची असल्याने त्याचे पाय पुढे गेले आणि मान मागे राहिली. सोबतच्या मुलाने प्रसंगावधान राखून त्याला कमरेला धरले म्हणून अनर्थ टळला, पण दोरी काढल्यावर मानेवर दिसलेला लालभडक वळ मी आजही विसरलेली नाही. ती दोरी बाजारातून डझनाच्या भावाने आणलेली, नायलॉनची आणि अखंड विणीची होती; कितीही ओढ बसली तरी ती तुटणार नव्हती. त्या वर्षापासून आम्ही फिती घरी शिवतो. रंग, रुंदी, नक्षी यांत दरवर्षी काहीतरी बदलते, पण ओढ बसताच मानेमागे सुटणारा जोड मात्र प्रत्येक फितीला असतोच.

साहित्याच्या खरेदीपूर्वी मापे ठरवून घ्यावीत. समजा शिबिरात ४० मुले आहेत आणि त्यांच्या आठ-आठ जणांच्या पाच तुकड्या केल्या आहेत. आम्ही तुकड्यांना आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील गडांची नावे देतो: पन्हाळा, विशाळगड, रांगणा, भुदरगड आणि सामानगड. प्रत्येक गडाला एक रंग ठरलेला असतो, म्हणजे धुक्यात किंवा पावसात दुरूनही कोण कोणत्या तुकडीचा हे कळते. सर्वांच्या फितीचा तळ एकाच रंगाच्या, २० मिलिमीटर रुंदीच्या रिबिनीचा ठेवावा आणि त्यावर मधोमध १० मिलिमीटर रुंदीची, तुकडीच्या रंगाची अरुंद पट्टी शिवावी. तळासाठी प्रत्येकी ९५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा लागतो; बारा वर्षांखालील मुलांना ८५ सेंटिमीटर पुरतो. २५ यार्डांच्या एका गुंडाळीत, म्हणजे सुमारे २२.८ मीटरमध्ये, ९५ सेंटिमीटरचे २३ तुकडे निर्धास्तपणे निघतात, त्यामुळे ४० फितींना दोन गुंडाळ्या पुरून नमुन्यापुरते काही तुकडे शिल्लकही राहतात. वरची पट्टी तळापेक्षा १० सेंटिमीटर आखूड कापायची असल्याने १० यार्डांची एकेक गुंडाळी प्रत्येक तुकडीला पुरेशी होते.

तळासाठी साटीन घेऊ नये, असे माझे अनुभवाअंती स्पष्ट मत आहे. साटीन दिसायला देखणी असते, पण घामाने मानेवर सरकते आणि हुकाच्या घर्षणाने तिचे धागे लवकर सुटतात. तिच्याऐवजी आडव्या बारीक रेघांची, हाताला किंचित खरखरीत लागणारी ग्रोसग्रेन रिबीन घ्यावी आणि साटीन केवळ वरच्या पट्टीला वापरावी. महाद्वार रोड आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत शिवणाचे साहित्य घेताना नाव आठवले नाही, तर रेघांची जाड रिबीन दाखवा असे सांगितले तरी काम होते. याशिवाय २० मिलिमीटर रुंदीचा वेल्क्रो, रिबिनीच्या रंगाचा पॉलिएस्टर दोरा, रिबीन सपाट बसेल एवढ्या रुंद कडीचा गोल फिरणारा हूक आणि कागद चिकटवायची गोंदाची कांडी एवढेच लागते. हूक फिरणाराच घ्यावा. कडी स्थिर असली की ओळखपत्र दिवसभर पाठमोरे राहते आणि फितीला पीळ पडतो.

रिबीन घरी आणल्यावर सर्वप्रथम तिचा रंग तपासावा. कोल्हापूरच्या पावसात भिजलेली फीत पांढऱ्या सदऱ्यावर दिवसभर लोळत असते, आणि आमच्या एका शिबिरात लाल रंगाने दहा-बारा सदरे कायमचे गुलाबी केले होते. रिबिनीचा बोटभर तुकडा कढत पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात घट्ट दाबून अर्धा तास ठेवावा. कापडावर डाग उतरला तर तो रंग सरळ बदलून आणावा.

कापलेल्या टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून ती मेणबत्तीच्या आचेने बंद करतात. रिबीन पॉलिएस्टरची असेल तर तिचे टोक आचेजवळ नेताच आक्रसून कडक कड तयार होते. सुती असेल तर ती जळून राख होते. त्यामुळे आधी एका कपट्यावर प्रयोग करून पाहावा. टोक ज्योतीत न धरता तिच्या कडेला, क्षणभरच धरावे, आणि हे काम मोठ्यांनीच करावे, कारण वितळलेले पॉलिएस्टर त्वचेला चिकटते आणि खोल भाजते.

आता शिवणाकडे वळू. अरुंद पट्टी तळाच्या मधोमध ठेवून ती गोंदाच्या कांडीने हलकेच चिकटवावी. साटीनला टाचण्या लावल्या तर भोके कायमची राहतात. दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर तळ मोकळा सोडावा, म्हणजे मानेमागचा भाग जाड होत नाही. यंत्राला १४ नंबरची सुई लावून अडीच ते तीन मिलिमीटरचा टाका ठेवावा आणि पट्टीच्या दोन्ही कडांवरून शिवण मारावी. इथे नवशिक्याची चूक हमखास होते, ती अशी की एक कड वरून खाली शिवून झाल्यावर फीत फिरवून दुसरी कड खालून वर शिवली जाते. वरचा आणि खालचा थर यंत्रात कमी-अधिक सरकत असल्याने अशा फितीला मळसूत्रासारखा पीळ बसतो आणि तो कितीही इस्त्री केली तरी जात नाही. दोन्ही कडा एकाच टोकाकडून सुरू करून एकाच दिशेने शिवल्या की फीत सपाट राहते.

यानंतर मानेमागचा जोड करावा. फितीच्या एका टोकाचा सव्वा सेंटिमीटर भाग आतल्या बाजूला दुमडून त्यावर वेल्क्रोच्या मऊ, लवदार बाजूचा दीड सेंटिमीटर लांबीचा तुकडा शिवावा, म्हणजे कापलेली कड त्याखाली झाकली जाते. दुसरे टोक तेवढेच, पण बाहेरच्या बाजूला दुमडून त्यावर खरखरीत बाजूचा तुकडा बसवावा. फीत घातल्यावर मऊ बाजूचे टोक वर आणि खरखरीत बाजूचे टोक खाली, मानेलगत येते. पण खरखर बाहेरच्या दिशेला असल्याने जोड सुटला तरी मान ओरबाडत नाही. दोन्ही तुकडे चारही कडांनी शिवावेत. जोड भक्कम व्हावा म्हणून वेल्क्रोची लांबी वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. वेल्क्रो सोलून काढताना सहज निघतो, पण लांबीच्या दिशेने ओढल्यास आश्चर्य वाटावे इतका चिवट असतो, आणि मानेवर बसणारी ओढ नेमकी लांबीच्याच दिशेने असते.

हुकासाठी जोड लावून फितीचा बरोबर मध्य काढावा, तो कडीतून ओवावा आणि फितीला कोठे पीळ नाही याची खात्री करून कडीच्या वर तीन सेंटिमीटर जागेत दोन्ही पदर एकत्र शिवावेत. ही शिवण चौकोनी करून आत फुली मारावी; नुसती एक आडवी रेघ काही दिवसांत उसवते. या ठिकाणी चार थर येत असल्याने यंत्राचे चाक हाताने फिरवावे, नाहीतर सुई मोडते.

फीत तयार झाली तरी चाचणी झाल्याशिवाय ती मुलाच्या गळ्यात घालू नये. दाराच्या मुठीवर फीत अशी अडकवावी की जोड मुठीवर न टेकता बाजूला लोंबत राहील. हुकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधावी; जोड टिकला पाहिजे, कारण मुले ओळखपत्राशी चाळा करणारच. मग बाटलीऐवजी पाच लिटर पाण्याची बादली हळूहळू सोडावी. जोड सुटला पाहिजे. सुटला नाही तर मऊ बाजूचा तुकडा दोन-तीन मिलिमीटरने आखूड करून पुन्हा पाहावे. प्रत्येक वेल्क्रोची पकड निराळी असल्याने नव्या गुंडाळीची पहिली फीत अशी तपासून मगच बाकीच्या शिवाव्यात, आणि झालेल्या प्रत्येक फितीचा जोड हाताने हिसका देऊन उघडून पाहावा.

ज्यांच्याकडे शिलाई यंत्र नाही, त्यांनी सहा मिलिमीटर रुंदीच्या चार रिबिनींचा गोफ विणावा. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी मुलांना हा प्रकार फार आवडतो, आणि वेणी घालता येणाऱ्या मुली इतरांना पाच मिनिटांत शिकवतात. चारही पदर वर बांधून शेजारी शेजारी धरावेत; सर्वांत उजवीकडचा पदर शेजारच्या दोघांच्या मागून न्यावा आणि त्यांतील दुसऱ्याच्या पुढून परत आणून दोघांच्या मध्ये ठेवावा. मग सर्वांत डावीकडच्या पदराला तसेच करावे आणि आलटून पालटून चालू ठेवावे. किती लांबीचे पदर लागतील हे प्रत्येकाच्या हाताच्या ताणावर अवलंबून असते, म्हणून आधी दहा सेंटिमीटर विणून किती रिबीन खर्ची पडली ते मोजावे आणि त्या हिशेबाने कापावे. गोफाची टोके, कोल्हापुरी साज गाठवणारा पटवेकरी धागा गुंडाळून पक्का करतो तशी, दोऱ्याने घट्ट गुंडाळून रुंद रिबिनीच्या छोट्या पट्टीत शिवावीत आणि तिच्यावर वेल्क्रो लावावा. गोफ तुटत नाही, त्यामुळे त्याला हा जोड अधिकच आवश्यक आहे.

ओळखपत्रावर पुढे नाव आणि तुकडी, आणि मागे रक्तगट व पालकांचा दूरध्वनी असावा, म्हणजे तो क्रमांक वाटेत कोणालाही सहज वाचता येत नाही. खो-खो, कबड्डी, चुलीजवळचे काम आणि झोप या वेळी फीत काढून ठेवायची, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

शिबिर संपल्यावर हूक काढता येत नसले तरी फिती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवाव्यात. वेल्क्रोच्या खरखरीत बाजूत गवताची कुसळे आणि लोकरीचे धागे अडकलेले असतात. ते सुईच्या टोकाने काढावेत, कारण कुसळे भरलेला जोड बाटलीच्या वजनानेही सुटतो. पुढच्या वर्षी फिती बाहेर काढल्या की बाटलीची आणि बादलीची चाचणी पुन्हा करावी.