काम मागायला जाताना दोन कागद न्या

माझी सगळी हयात बँकेच्या काउंटरवर गेली, त्यामुळे पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही ही खोड जडलेली. राहतो इंदूरला रामबागेत, पण थोडी शेती सांवेरकडे आहे. तिथे कामाला येणाऱ्या काकू गहू निघाला की पावसापर्यंत रिकाम्या. 2024च्या उन्हाळ्यात त्यांनी पंचायतीत जाऊन मनरेगाचं, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीचं, काम तोंडी मागितलं. ‘नाम लिख लिया’ असं उत्तर मिळालं. महिना गेला तरी बोलावणं नाही. मग मी जाऊन पाहिलं, तर नाव कुठेच नव्हतं.

तर मनरेगाचं काम मागायचं ते असं. नियम सांगतोय ते 2024-25 सालचे.

आधी जॉब कार्ड, म्हणजे पंचायतीतलं मजुरांचं नोंदणी कार्ड. ते कुटुंबाचं असतं, फुकट मिळतं, अर्जापासून पंधरा दिवसांत. फोटोचे म्हणूनसुद्धा पैसे देऊ नका. वर्षाचे 100 दिवस घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांत मिळून. गाव नगर निगमात गेलं असेल तर मात्र ही योजना तुमच्यासाठी नाही.

पण नुसत्या कार्डाने काम येत नाही, ते दर वेळी मागावं लागतं. काकूंचा अर्ज मी लिहिला, हिंदीत अर्थात: नाव, जॉब कार्ड नंबर, अमुक तारखेपासून सलग 14 दिवस काम हवं. चौदाच्या खाली मागू नका. दोन प्रती काढल्या. एक पंचायतीत हे काम बघणाऱ्या रोजगार सहायकाला दिली, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का मागितला. ‘इसकी क्या ज़रूरत है, काकाजी?’ ज़रूरत अशी, की 15 दिवसांची मुदत त्या तारखेवरून मोजतात. त्यात काम दिलं नाही तर बेरोजगारी भत्ता लागू होतो, पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर निम्मा. तो भत्ता हातात पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण शिक्का पडला आणि नवव्या दिवशी तलावाच्या खोदाईवर काम निघालं!

कामावर मेट, म्हणजे मुकादम, हजेरीसाठी मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो घेतो. सकाळी फोटो दिला आणि दुपारी घरी निघून गेलात तर हजेरी अडकते. 2024-25 साली मध्य प्रदेशात दर रोज 243 रुपये होता, पण खोदाईला पैसे मापावर निघतात, म्हणून टेप लावताना खड्ड्यापाशी उभे राहा. काम पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर दहा टक्के जास्त. ठेकेदार चालत नाही, मजुरांचं काम जेसीबीला देणंही चालत नाही. माझी आजी महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळात अशाच सरकारी कामावर खडी फोडायला जायची. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीची चव ती शेवटपर्यंत सांगत असे.

आता पैसे, आणि खरी गोची इथेच होते. काकूंचे 12 दिवस भरले, माप पूर्ण, म्हणजे 2916 रुपये. पासबुकात शून्य. पंचायत म्हणे पाठवले, बँक म्हणे आले नाहीत. दोघंही खरं बोलत होते. मजुरी आता आधारवरून जाते, म्हणजे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. काकूंनी दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका कियोस्कवर, म्हणजे बँकेच्या छोट्या सेवा केंद्रावर, अंगठा लावून खातं उघडलं होतं. ते त्या विसरूनही गेल्या होत्या.

म्हणून अर्जाच्या आधीच आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते कळतं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावरच येतो. बँक दुसरीच निघाली तर हव्या त्या शाखेत आधार जोडणीचा फॉर्म द्या. आणि हो, त्याचीही पोच घ्या.

कियोस्कच्या खात्यात 2916 होते, पूर्ण. काकूंनी काढून आणले आणि माझ्यासमोर दोनदा मोजले.