पायथनला डू-व्हाइल सुचवायला गेलो होतो

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिघे गोव्यात, फोंड्याच्या फर्मागुडीजवळ खोली घेऊन राहायचो. दिवसा कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, रात्री माझं माझं पायथन, तीही तसलीच भाषा. सीमध्ये ‘डू-व्हाइल’ लूप असतो, तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारा: आधी काम एकदा करायचं, मग अट तपासायची. पायथनमध्ये तो नाही. ही उणीव अजून कुणाच्या लक्षात आली नसावी, असं मला मनापासून वाटलं. पावसाचे दिवस, वीज सारखी जात होती. दोन रात्री जागून मी प्रस्ताव लिहिला आणि पायथन घडवणाऱ्या मंडळींपुढे ठेवला.

त्याच दिवशी एका अनोळखी माणसाचं दोन ओळींचं, अगदी सौजन्याचं उत्तर आलं. हे आधी मांडून झालं आहे, पेप ३१५ वाचून पाहा.

पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा, क्रमांक दिलेला लेखी प्रस्ताव. ३१५ क्रमांकाचा नेमका माझ्याच विषयावर होता. २००३ साली लिहिलेला आणि २०१३ मध्ये पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी नाकारलेला. अशा रचनेमुळे घाईतल्या लोकांचं थोडं टंकन वाचेल, पण नंतर तो कोड वाचणाऱ्याला अर्थ लावत बसावं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाचून मी माझा प्रस्ताव मागे घेतला. वाईट वाटलं नाही. उलट, दहा वर्षांपूर्वीचा युक्तिवाद कुणीतरी जपून ठेवला होता आणि तो फोंड्यातल्या एका पोराला मिळाला, याचं अप्रूप वाटलं.

म्हणून आता कुणी विचारलं, ‘ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुला असलेल्या कोडच्या कामात, सुरुवात कुठून करू?’ की मी कोडचं नाव आधी घेत नाही. त्या भाषेचे नाकारलेले प्रस्ताव वाचा म्हणतो. तिथे निर्णय कोण घेतं, कशाला किंमत आहे, कुणाचं ऐकलं जातं, सगळं त्यात दिसतं.

माझ्या आवडीचा आहे पेप ३१०३. पायथनमध्ये ‘स्विच’, म्हणजे अनेक पर्यायांतून जुळणारा निवडणारी रचना, असावं असं सुचवणारा हा प्रस्ताव २००६ मध्ये खुद्द गिदोंनी लिहिला होता. तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच असे. पण २००७ च्या पायकॉन या पायथनवाल्यांच्या परिषदेत भाषण करताना त्यांनी समोरच्या श्रोत्यांचा कौल घेतला, पाठिंबा दिसला नाही आणि त्यांनी स्वतःचाच प्रस्ताव नाकारला. पुढे २०२१ मध्ये पायथन ३.१० सोबत तशाच कामाचं ‘मॅच’ आलं. त्याच्या सहलेखकांतही गिदो होते, फरक इतकाच की तोवर मंजुरी त्यांच्या हातात राहिली नव्हती. आपणच जन्माला घातलेल्या भाषेत बदल करायला त्यांना इतरांसारखा अर्ज करावा लागला, आणि त्यांनी तो केला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

हे घडलं २०१८ मुळे. पेप ५७२ वरून, म्हणजे ‘वॉलरस’ म्हणतात त्या := चिन्हावरून, इतके कडवट वाद झाले की तो मंजूर केल्यावर १२ जुलै २०१८ रोजी गिदोंनी प्रमुखपद सोडलं. वारस नेमला नाही. पुढचं तुम्हीच ठरवा, असं कोर डेव्हलपरांना, म्हणजे पायथनच्या कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेल्यांना, सांगितलं. मग सात आराखडे पुढे आले. कुणाला पुन्हा एकच प्रमुख हवा होता, कुणाला तिघांचं मंडळ, कुणाला मध्यवर्ती सत्ताच नको होती. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलचा आराखडा निवडला गेला. आज ते नियम पेप १३ मध्ये आहेत.

हे वाचताना मला आजोबा आठवायचे. ते आमच्या गावकारीचे, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, गावकार. सामायिक जमिनीचं काय करायचं हे बैठकीत कसं ठरतं, ते लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं. गोव्यातल्या तिसवाडीच्या गावकारींचे रिवाज आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं १५२६ मध्ये लिहून काढले, पण रिवाज त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. पायथनचंही तसंच झालं, वहिवाट आधी आणि कागद नंतर. मात्र गावकारीतला हक्क बापाकडून मुलाला मिळतो. इथे तो कामानं मिळवावा लागतो.

कसा, ते पेप १३ मध्येच आहे. नवा कोर डेव्हलपर घ्यायचा तर आधीचे कोर डेव्हलपर आठवडाभर मतदान करतात. विरोधी मतांच्या किमान दुप्पट मतं बाजूनं लागतात. कौन्सिलला नकाराधिकार असतो. कौन्सिलमध्ये एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक बसू शकत नाहीत, आणि दोन तृतीयांश मतांनी कोर डेव्हलपर कौन्सिललाही हटवू शकतात. पैसा आणि ट्रेडमार्क सांभाळणारं पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन वेगळं. भाषेत काय यावं हे ते ठरवत नाही. या दोहोंची गल्लत मीही बराच काळ करत होतो.

तुमच्या कामाचा नियम आणखी एक: तुम्ही कोर डेव्हलपर नसाल, तर पेपसाठी पाठीराखा लागतो, सहसा त्यांच्यापैकीच कुणीतरी. तो एका रात्रीत मिळत नाही. मी वर्षभर दस्तऐवजांतल्या चुका दुरुस्त केल्या, कुणी नोंदवलेला बग माझ्या मशिनवर खरंच येतो का ते पाहून कळवत राहिलो. त्यातून चार माणसं नावानं ओळखू लागली.

प्रत्येक भाषेचं घर वेगळं. पीएचपीत प्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागतात. जावास्क्रिप्टचं टीसी३९ मंडळ सर्वसहमतीनं पुढे जातं. रस्टमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये चर्चांवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्या मॉडरेशन टीमनं एकदम राजीनामा दिला, कारण कोअर टीमला जाब विचारणारं कुणी नव्हतं. २०२३ मध्ये तिथे लीडरशिप कौन्सिल आली. भांडण झालं म्हणून त्या भाषेपासून दूर पळू नका. भांडणानंतर त्यांनी काय लिहून काढलं ते वाचा.

गेल्या चवथीला डिचोलीची मावसबहीण घरी आली होती. गणपतीवर फळाफुलांची बांधतात त्या माटोळीखाली बसून म्हणाली, “दादा, मला पायथनमध्ये एक सुचवायचं आहे.” मी विचारलं, “आधी कुणी सुचवलंय का बघितलंस?” तिनं मोबाइल पुढे केला. त्यात तीन पेपचे क्रमांक होते, आणि प्रत्येकापुढे तो का नाकारला गेला ते तिनं तिच्या शब्दांत लिहिलं होतं.