दोरू खोऱ्यात सायकल नेण्याआधी: गिअर, ब्रेक, पाणी आणि बाकीची तयारी

दोरू खोऱ्यातला मार्ग आखताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि दिवसभरात एकूण किती मीटर चढायचंय ते आधी काढा. उत्तर पोर्तुगालमधल्या या द्राक्षप्रदेशात नदीकाठची गावं समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहेत, तर वरच्या अंगाची साब्रोझा, फावायुश, सांव जुआंव दा पेस्केरा ही गावं पाचशे ते साडेसहाशे मीटरवर. मधे सपाटी जवळपास नाहीच. एन-२२२ हा रस्ता रेग्वा ते पिन्यांव असा साधारण २५ किलोमीटर नदीला चिकटून जातो, तेवढाच काय तो आराम. बाकी पिन्यांवातून वरच्या कुठल्याही गावाला निघा, तासाभराचा चढ ठरलेला. नकाशावर ६० किलोमीटरचा साधा दिसणारा फेरा दोनदा नदीपाशी उतरून पुन्हा वर जात असेल, तर १,२०० ते १,५०० मीटर चढाई सहज होते. पहिला दिवस त्या नदीकाठच्या पट्ट्यात घालवा, म्हणजे प्रवासाचा शीणही जातो आणि उजवीकडून चालवायची सवयही होते.

सराव त्याच मापाने करा. पुण्याच्या मंडळींनी सिंहगडाचा गाडीरस्ता एका दिवसात दोनदा चढून बघावा, आणि दुसऱ्यांदा उन्हं वर आल्यावर. एक चढ जमला म्हणजे झालं, असं इथे चालत नाही, कारण दोरूत मुक्कामाकडे नेणारा शेवटचा चढ बहुधा दुपारीच समोर येतो.

महिना निवडताना मे ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य धरा. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात पारा ४० अंशांवर जातो. बागांखालचा पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड दिवसभर तापतो, वाराही खाली पोहोचत नाही. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिथलेच लोक म्हणतात. तरी त्याच महिन्यांत जायचं असेल, तर उजाडता निघा आणि बारापर्यंत सायकल ठेवून द्या. सप्टेंबरातली तोडणी बघण्यासारखी असते, फक्त तेव्हा खोल्या महिनोन् महिने आधी भरतात आणि अरुंद रस्त्यांवर द्राक्षांच्या ट्रेलरचे ट्रॅक्टर असतात. वळणावर सांडलेली द्राक्षं चाकाखाली आली की पुढचं चाक सटकतं.

आता गिअर, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पुढे ३४ दातांची छोटी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे किमान ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, त्यातलं सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं), याखाली तडजोड नको. सहा टक्के चढावर सामान्य सायकलस्वार ताशी आठ किलोमीटरने जातो. ३४-३४ वर त्या वेगाला पेडलचे मिनिटाला साधारण ६५ फेरे पडतात, गुडघ्यांना चालणारी लय. मागे २८ असेल तर तेच फेरे ५२ वर येतात आणि तासभर तसं रेटलं की संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात. कासाल द लोइवुशसारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावांकडे किंवा एखाद्या बागेच्या खासगी वाटेवर तुकडे-तुकडे १२ टक्क्यांच्याही पुढे जातात. तिथे वेग ताशी पाचवर येतो, म्हणजे ३४-३४ वरही फेरे चाळिसाच्या घरात. कॅसेट मोठी घालताना मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का, हे दुकानात तपासून घ्या. लहान पिंजऱ्याच्या डिरेलरवर ३४ चढवली की चेन खडखडते किंवा अडकते. नवी कॅसेट असेल तर चेनही नवी घाला आणि निघण्याआधी किमान दोनशे किलोमीटर चालवून घ्या.

ब्रेकची तयारी त्याहून महत्त्वाची. सायकल, सामान आणि माणूस मिळून ८५ किलो वजन ५५० मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण ४५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरायला हवी. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळतं. काही वाटा हवेचा विरोध खातो, उरलेली सगळी पॅड आणि डिस्कमध्ये जाते. म्हणून निघण्याआधी पॅड काढून डोळ्यांनी बघा. घासपट्टी एक मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदला, ०.५ मिलिमीटरवर तर ती वापरायचीच नसते. एक जादा जोड सोबत ठेवा. पॅडचे आकार ढीगभर असतात आणि खोऱ्यातल्या छोट्या गावात आपलाच आकार मिळेल याचा भरवसा नाही. नवे पॅड घरीच मुरवा: ताशी ३० च्या वेगावरून दहा-पंधरा वेळा जोराने वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. चाकाच्या कडेलाच आवळणारा रिमब्रेक असेल तर कार्बनची चाकं घरी ठेवून अ‍ॅल्युमिनियमची न्या, कारण लांब उतारावर कार्बनची रिम जास्त तापून ट्यूब फुटू शकते. उतरताना ब्रेक सतत घासत धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग उतरवा, सोडा, वळण घ्या, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागते.

भाड्याची सायकल घेणार असाल तर हे आधी विचारा: पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे? आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला असतो, युरोपातल्या बहुतेक सायकलींवर डाव्या. ओल्या फरशीवर मागचा समजून पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो. केबलचा ब्रेक असेल तर दुकानदार थोड्या वेळात बदलून देऊ शकतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर वेळ लागतो, म्हणून आरक्षणाच्या वेळीच सांगा. सोबतच सर्वांत हलका गिअर कोणता आणि टायर किती रुंद, तेही लिहून मागवा. पेडल आपली न्या.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर. राष्ट्रीय रस्त्यांचं डांबर चांगलं आहे, पण गाव लागलं की ग्रॅनाइटच्या चौकोनी चिऱ्यांची फरसबंदी सुरू होते, आणि गाव उतारावर असेल तर ती ब्रेक दाबतानाच लागते. सत्तर किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये हवेचा दाब ७० पीएसआयच्या आसपास, ३२ च्या टायरमध्ये ५५ ते ६० पुरतात. शंभर पीएसआय भरून चिऱ्यांवर गेलात तर हात बधिर होतात आणि ओल्यात पकड सुटते. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, हातपंप, चेनची जोडकडी आणि सायकलच्या मॉडेलचा जादा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, घ्या. हा अंगठ्याएवढा तुकडा विमानप्रवासात वाकतो आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, म्हणून तिथे शोधण्यात दिवस जाऊ शकतो.

खोक्यात भरताना मागचा डिरेलर हँगरपासून सोडवून फ्रेमच्या आत फोममध्ये बांधा, टायरमधली हवा थोडी कमी करा आणि डिस्कब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड चिकटून बसतात. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे लक्षात ठेवा. हँडलबारचे स्क्रू पुन्हा लावायला छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, हवा. बहुतेक स्टेमवर (हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागावर) ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. टायर भरायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापेक्षा हातपंप बरा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच; तो घेताना सायकलिंग वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरात वाचा.

पोर्तोहून खोऱ्यात जायला दोरू मार्गाची रेल्वे सर्वांत सोयीची. ती रेग्वा, पिन्यांव करत पोसिन्यूला संपते आणि रेग्वापर्यंत साधारण दोन तास लागतात. प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर सायकल फुकट नेता येते. जागा मोजकीच असते, तेव्हा चार-पाच जणांनी एकाच गाडीवर विसंबू नये. आदल्या संध्याकाळी संप जाहीर झाला आहे का तेही बघा.

पाण्यासाठी ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर असा हिशेब. चढावर मधे दुकान नसतं. गावातल्या सार्वजनिक नळावर ‘नांव पोताव्हेल’ किंवा ‘नांव कोन्त्रोलादा’ अशी पाटी असेल तर ते पाणी भरू नका. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. जेवण साडेबारा ते दोनच्या दरम्यान उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी मंडळींनी काल्दु व्हेर्द हे हिरव्या पालेभाजीचं सूप मागवताना ‘सें शोरीसु’ सांगावं, एरवी त्यात चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, चकत्या पडतात. फावायुशला चार कोपऱ्यांचा गव्हाचा पाव मिळतो, तो खिशात मावतो आणि चढावर उत्तम चालतो. खिशात वीस-तीस युरो रोख असू द्या, लहान कॅफेत परदेशी कार्ड चालेलच असं नाही.

बागांमधली वाईन सायकल ठेवल्यावरच चाखा. पोर्ट साध्या वाईनसारखी १३ टक्क्यांची नसते, २० च्या आसपास असते, आणि बागेतून परतायचा रस्ता बहुधा उतारच असतो.

नियम थोडके आहेत. वाहनांनी सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडावं हा तिथला कायदा. मोटरवेवर सायकलला बंदी आहे. आपत्कालीन क्रमांक ११२. उजवीकडून चालवताना चूक होते ती थांबून पुन्हा निघताना, फोटो काढून रिकाम्या रस्त्यावर चढताना. गटातल्या एकाने त्या क्षणी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं ठरवून टाका. मार्गाची फाईल फोनमध्ये ऑफलाइन ठेवा आणि प्रत्येक तुकडा उपग्रहचित्रावर पडताळा, कारण अ‍ॅप बागेतली मातीची ट्रॅक्टरवाट बिनदिक्कत रस्ता म्हणून दाखवतं.

मे महिन्यात वर गारठा आणि खाली ऊन असतं, म्हणून पातळ विंडचीटर खिशात हवाच. घामेजून वर पोहोचलात की उतरायच्या आधी तो चढवा; वीस मिनिटांच्या उतारात बोटं गारठली तर ब्रेकवरचा ताबा जातो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पिन्यांवहून पोर्तोकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, आणि तिच्या आधीच्या गाडीने परतायचं धरूनच दिवसाचा फेरा आखा.