एअरपोर्टला ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) लावताय? आधी एवढं बघा

पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टला गाडी ठेवून तीन-चार दिवस बाहेर जाणार असाल तर चार्जरला लावून विमानात बसू नका प्लीज, चार्जिंग संपलं तरी जागा अडते, मागचा माणूस बिचारा ताटकळतो आणि काही कंपन्या वर पैसेही लावतात. त्यापेक्षा आदल्या रात्री घरीच ७०-८० टक्के करा आणि एरोमॉलमध्ये, म्हणजे एअरपोर्टच्या बहुमजली पार्किंगमध्ये, साध्या जागेत लावा. उभ्या गाडीची मोठी बॅटरी फार उतरत नाही, पण डॅशकॅमचा पार्किंग मोड आठवणीने बंद करा, तो १२ व्होल्टची छोटी, वेगळी बॅटरी खातो आणि ती उतरली की गाडी रिमोटने उघडत नाही, सुरूही होत नाही.

कुणाला आणायला गेलात आणि फ्लाइट लेट आहे, तेव्हा खुशाल चार्ज करा. चार्जिंग कंपनीच्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच टाका, मी एकदा पार्किंगमध्ये रेंज नाही म्हणून ओटीपीची वाट बघत वीस मिनिटं उभी होते. एसी (हळू) चार्जरची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग, टाइप-२ प्रकारची, डीसी (फास्ट) चार्जरची सीसीएस-२, तिला खाली दोन जाड पिना जास्त असतात. ७ किलोवॅटच्या एसीवर, गाडी तेवढं घेत असेल तर, तासाला साधारण ७ युनिट जातात. आणि गन निघत नसेल तर ओढाताण नको, आधी चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, मग निघते.