बडोद्याचा रुखवत हॅम्बुर्गला: परदेशातले लग्न कमी खर्चात आणि घरच्या हातांनी

बडोद्यातल्या मराठी घरातली मुलगी जर्मनीत नोकरीला असते, जोडीदारही तिथलाच मिळतो, आणि इकडच्या मंगल कार्यालयांचे दर ऐकल्यावर दोघेही म्हणतात की लग्न तिथेच करू, चाळीस माणसांत आणि घरी केलेल्या वस्तूंनी. माझ्या भाचीचे लग्न असेच हॅम्बुर्गला झाले आणि मावशी या नात्याने मी दहा महिने त्या तयारीत होते. हाताने केलेली प्रत्येक वस्तू स्वस्त पडते, हा माझा समज त्यात पहिल्यांदा मोडला. ती हलकी असेल, तिची घडी होत असेल आणि ती विमानतळावर अडणार नसेल, तरच ती स्वस्त पडते.

सर्वप्रथम कायदेशीर नोंदणी आणि विधी ही दोन कामे वेगळी करावीत. जर्मनीत सप्तपदी किंवा चर्चमधला विधी यांनी कायद्याच्या दृष्टीने लग्न होत नाही. ते ‘श्टान्डेसआम्ट’ या नागरी विवाह कार्यालयातच व्हावे लागते. तिथे परदेशी नागरिकाकडून विवाहास पात्र असल्याचा त्याच्या देशाचा दाखला मागतात. भारतात तसा दाखला दिला जात नसल्यामुळे तिथल्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाकडून सूट घ्यावी लागते. भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या, म्हणजे एका शिक्क्यावर दाखल्यांना परदेशात मान्यता देणाऱ्या करारात सामील झाला असला, तरी जर्मनीने त्यास हरकत घेतल्यामुळे आपल्या दाखल्यांवरचा तो शिक्का तिथे चालत नाही, आणि कागदपत्रांची भारतात पडताळणी होण्यात कित्येक महिने जातात. म्हणून अनेक जोडपी शेजारच्या डेन्मार्कमध्ये नोंदणी करतात. तिथे आधी अर्ज करून विवाहपात्रतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, ते चार महिने चालते, आणि त्या मुदतीत नगरपालिकेत जाऊन लग्न लावता येते. दोन साक्षीदार लागतात. सोबत कोणी नसेल तर ते नगरपालिकाच देऊ शकते. आमच्या मुलांनी सीमेलगतच्या टोन्डर गावी, आगगाडीने जाऊन, एका दिवसात हे काम उरकले. विधीचा मुहूर्त त्यानंतर तीन महिन्यांनी होता, त्यामुळे नातेवाइकांच्या व्हिशाची धाकधूक नोंदणीला आड आली नाही.

कागदांत सर्वांत आधी जन्मदाखला पाहावा. भाचीचा जुना दाखला हाताने लिहिलेला, गुजरातीतला होता आणि त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी होती. जन्मल्यावर नोंद केली, बारशानंतर नाव घालायला कोणी गेलेच नाही. शिवाय आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पारपत्रावर एक आणि पदवीवर दुसरे. हे दुरुस्त होते, पण चार खेपा पडतात, म्हणून लग्नाचे ठरताक्षणी हे काम हाती घ्यावे.

आता माणसे. शेंगेन व्हिशाचे (जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच असतो तो) शुल्क प्रौढाला 90 युरो आहे, किमान 30,000 युरो संरक्षणाचा प्रवास विमा घ्यावा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. विमानाचे तिकीट वेगळे. त्यामुळे कोणाला न्यायचे हे नात्याच्या जवळिकीवर ठरवू गेल्यास भांडण अटळ आहे. विधीतल्या जबाबदारीवर ठरवल्यास ते टळते. आईवडील कन्यादानाला, मामा मुलीच्या पाठीशी उभे राहायला, करवली, आणि अंतरपाट धरायला दोघे. (मी त्या दोघांपैकी एक, हे कबूल करते.) बाकीच्यांना घरी बसून पाहता येते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास, त्यामुळे तिथले सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात इकडचे दुपारचे अडीच, जेवून पडद्यासमोर बसण्याची अगदी सोयीची वेळ. मुहूर्त मात्र इकडच्या दिनदर्शिकेवरून नुसते तास वजा करून काढू नये. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, परंतु सूर्योदय आणि लग्नराशी (त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) गावागणिक बदलतात, म्हणून गुरुजींना हॅम्बुर्गचे अक्षांश-रेखांश देऊन गणित करून घ्यावे.

सामानाची यादी करताना मी प्रत्येक वस्तूपुढे ‘न्यायची’, ‘तिथे घ्यायची’ किंवा ‘सोडायची’ असे लिहीत गेले. ताजी फुले, आंब्याचा डहाळा, विड्याची पाने आणि कढीलिंब हे वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात नेता येत नाहीत. या नियमातून अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर एवढी पाचच फळे सुटली आहेत. नारळ सुटला म्हणून खोबऱ्याच्या वाट्या भरू नयेत. सुके खोबरे तेलकट आणि पेट घेणारे असल्यामुळे ते विमानाच्या सामानात चालत नाही, आणि कापराचेही तेच. नारळ आम्ही तिकडच्या दुकानातूनच घेतला. दुधाचे पदार्थ युरोपच्या सीमेवर काढून घेतात, तेव्हा पेढे, बर्फी आणि साजूक तूप घरीच ठेवावे. होमाच्या तुपाची चिंता नको: जर्मन वाणसामानाच्या दुकानात ‘बुटरश्माल्त्स’ नावाने मिळते ते कढवलेले लोणीच असते. भाकरवडी आणि आपला लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर चिवडा) मात्र तेलातला, तो खुशाल न्यावा. परक्या पाहुण्यांत तोच आधी संपला.

सजावटीत खरी बचत कापडी झेंडूने झाली. जुनी पिवळी सुती साडी आणि केशरी ओढणी घेऊन दोन इंच रुंद व हातभर लांब पट्ट्या कापाव्यात, पट्टी लांबीने दुमडून दुमडीच्या विरुद्ध कडेला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालावा, आणि दोरा ओढून चुण्या पडल्या की पट्टी स्वतःभोवती गुंडाळत बुडाशी दोन टाके मारावेत. दुमडीची कड वर राहिल्याने सुते निघत नाहीत आणि फूल भरदार दिसते. पहिल्या पाच फुलांची कोबी होते, सहाव्यापासून झेंडू जमतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी चार जणी बसत असू आणि दीड महिन्यात दोनशे फुले झाली. बॅगेत चेपली तरी इस्त्रीची वाफ दिली की ती पुन्हा फुलतात. मुंडावळ्याही अशाच घरी ओवाव्यात, पण मापाचा दोरा नवरानवरीने आपल्या कपाळाभोवती धरून पाठवावा. अंदाजाने केलेल्या मुंडावळ्या मंगलाष्टके चालू असताना डोळ्यांवर घसरतात. आणि एक खास बडोद्याची युक्ती: उत्तरायण झाल्यावर उरलेले पतंग स्वस्तात घेऊन ठेवावेत. ते वजनाला नगण्य असतात, बॅगेच्या तळाशी सपाट बसतात, आणि सभागृहाच्या भिंतीवर तीस पतंग लावले की दुसऱ्या सजावटीची गरज पडत नाही.

रुखवतात वजनदार काही ठेवू नये. संखेड्याच्या लाखकामाच्या लहान डब्या, भरतकामाचे रुमाल, लोकरीची तुळस, एवढे पुरे. पाट आणि चौरंग यांचा मोह आवरावा, कारण 23 किलोच्या बॅगेत जरीचा एक शालूच किलोभर जागा खातो. दागिने मोजकेच न्यावेत, सोनाराकडून वजन व मूल्य लिहून घ्यावे आणि निघताना आपल्या विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. नाहीतर परतताना आपल्याच पाटल्यांवर शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते.

जागेसाठी हॉटेल पाहूच नये. जर्मन शहरांत लहान बागांच्या वसाहती असतात आणि त्यांच्या मंडळांची सभागृहे खुर्च्या, टेबले व स्वयंपाकघरासह भाड्याने मिळू शकतात. करार करताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: अंगणात अग्निपात्र चालेल का, तांदूळ उधळता येतील का, आणि चावी किती वाजता परत करायची. आत होम केल्यास धुराचा भोंगा वाजतो, म्हणून होम बाहेर, वाळू भरलेल्या लोखंडी अग्निपात्रात करावा. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, तेव्हा वाजंत्री दुपारीच आटोपावी. अक्षतांसाठी आम्ही बोहल्याखाली दोन मोठ्या चादरी अंथरल्या आणि प्रत्येकाला कागदाच्या पुडीत चमचाभरच तांदूळ दिले. लग्न लागल्यावर मामांनी चादरींची चार टोके उचलली, उरलेले दाणे केरसुणीने गोळा केले, आणि संध्याकाळी सहाला चावी देताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली.