कथेतला चंद्र चुकू नये म्हणून

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात टिपूर चांदणं सांडलं की चाणाक्ष वाचक तिथेच अडतो. अमावास्येला चांदणं कुठून आलं?

रात्रीचा प्रसंग लिहिताना आधी समासात तिथी टाका आणि मग चंद्र ठरवा.

१. शुक्ल अष्टमी: सूर्यास्ताला चंद्र जवळपास डोक्यावर, मावळतो मध्यरात्रीच्या सुमारास.
२. पौर्णिमा: सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, रात्रभर असतो.
३. कृष्ण अष्टमी: उगवतोच मध्यरात्रीच्या आसपास.

मधल्या तिथींना रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरका. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ तर भिंतीवरच्या कॅलेंडरातही छापलेली असते.

खरा घोळ होतो तो ‘चार दिवसांनी’ या शब्दांत. कोजागरीनंतर चार दिवसांनी नायिका संध्याकाळी सातला गच्चीवर गेली, तर चंद्र अजून उगवलेलाच नसतो. तिला साडेनऊला पाठवा, किंवा अंधारातच उभी करा. प्रसंग बहुधा त्यानेच सुधारतो.

कथेत तारीख आणि साल दिलं असेल, तर त्याच सालचं पंचांग उघडा. तीच तारीख पुढच्या वर्षी वेगळ्या तिथीला येते.