सक्रिय दीर्घिकेचा क्ष-किरण प्रकाशवक्र कसा वाचावा

मराठवाड्यातील महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयासाठी, म्हणजे वायू गिळणाऱ्या केंद्रीय कृष्णविवरामुळे झळकणाऱ्या दीर्घिकेच्या क्ष-किरण तेजाचा काळानुसार आलेख (प्रकाशवक्र) अभ्यासण्यासाठी, दुर्बिणीची गरज नाही. १९९९ साली सोडलेल्या एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय उपग्रहाची जुनी निरीक्षणे संग्रहातून विनामूल्य उतरवून घेता येतात. फाइली मोठ्या असतात आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून अर्धवट तुटलेले डाउनलोड तेथूनच पुढे चालू होईल अशी सोय आधी करून ठेवावी. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटची माहितीही उपलब्ध आहे. मात्र तो सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्याने दर फेरीत पृथ्वी आड येते व प्रकाशवक्रात खंड पडतात. एक्सएमएमची कक्षा लांबट, सुमारे ४८ तासांची असल्याने तो एकाच दीर्घिकेकडे दिवसभर सलग पाहू शकतो. नवख्याने तेथूनच सुरुवात केलेली बरी.

दीर्घिका निवडताना आर्क ५६४ किंवा एनजीसी ४०५१ यांसारखी, तुलनेने हलके कृष्णविवर असलेली निवडावी, कारण कृष्णविवर जितके जड तितके चढउतार संथ होतात. प्रकाशवक्र काढण्यापूर्वी १० ते १२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जापट्ट्यातील नोंदी, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले कण, वेगळ्या काढून पाहाव्यात. तेथे अचानक उसळी दिसली, तर ती बहुधा दुर्बिणीत शिरलेल्या कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांची असते, दीर्घिकेची नव्हे. एक्सएमएमवरील पीएन या कॅमेऱ्यासाठी सेकंदाला ०.४ नोंदींच्या वरचा काळ वगळण्याचा प्रघात आहे. ही पायरी कंटाळवाणी म्हणून टाळली जाते, आणि मग प्रोटॉनांच्या वादळावर पानेच्या पाने लिहिली जातात.

यानंतर खरे काम सुरू होते. समजा, १०० सेकंदांच्या टप्प्यांत सरासरी नोंद सेकंदाला ४ आहे, म्हणजे प्रत्येक टप्प्यात ४०० फोटॉन. केवळ योगायोगानेच त्यांत ४०० चे वर्गमूळ, म्हणजे २० फोटॉनांचा फरक पडणार. सेकंदाच्या हिशेबात ही चूक ०.२ झाली. प्रकाशवक्राचे प्रमाण विचलन ०.५ आले, तर त्याच्या वर्गातून, ०.२५ मधून, चुकीचा वर्ग ०.०४ वजा करावा. उरलेल्या ०.२१ ला सरासरीच्या वर्गाने, १६ ने, भागून वर्गमूळ घेतले की सुमारे ११.५ टक्के येतात. दीर्घिकेचे स्वतःचे चढउतार एवढेच. विचलन मुळात ०.२ च असते, तर कागदावर वक्र कितीही दातेरी दिसला तरी हाती शून्य उरले असते. हे गणित एकदा तरी वहीवर, हाताने करावे.

तेज १,००० सेकंदांत दुप्पट झाले, तर प्रकाश तेवढ्या वेळात जेवढे अंतर कापतो त्याहून, म्हणजे ३० कोटी किलोमीटरहून, उगमस्थान फारसे मोठे असू शकत नाही. हे अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या दुप्पट आहे. ब्लाझार प्रकारच्या सक्रिय दीर्घिकांना मात्र हे अनुमान लावू नये. तेथील द्रव्याचा झोत आपल्याच दिशेने प्रकाशाजवळच्या वेगाने येतो आणि काळ आखडलेला दिसतो.

पुढे वक्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची सरासरी व चढउतार यांचा आलेख काढावा. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव वर असला की रुपयांतील हेलकावेही मोठे असावेत, तसे येथे होते: दीर्घिका तेजस्वी असताना चढउतार त्याच प्रमाणात वाढतात. स्वतंत्र स्फोटांची नुसती बेरीज होत असती, तर हे सरळ नाते दिसले नसते.

सर्वांत मोठा मोह आवर्तन सापडल्याचा. ज्या वक्रात संथ चढउतार मोठे आणि जलद लहान असतात, त्यात दोन-तीन लाटा योगायोगानेही नियमित दिसतात. थोड्याच वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहून आपल्याकडे ‘दर तिसऱ्या वर्षी दुष्काळ’ असे ठरवून टाकतात, तसेच हे. म्हणून त्याच उताराच्या पॉवर स्पेक्ट्रमचे (किती जलद चढउतार किती मोठे, हे दाखवणारा आलेख) हजारभर कृत्रिम प्रकाशवक्र संगणकावर तयार करावेत आणि आपल्या वक्राच्या पॉवर स्पेक्ट्रममधील शिखर त्यांपैकी किती वक्रांत उगवते ते मोजावे. २००८ साली आरई जे१०३४+३९६ या दीर्घिकेतील सुमारे एक तासाच्या आवर्तनाची दखल घेतली गेली, ती त्याची सोळा आवर्तने ओळीने दिसली म्हणून. तीन दिसली असती, तर त्यावर फारसा भरवसा ठेवता आला नसता.